सासूबाईंचं घड्याळ आणि वडनेरची विहीर

घड्याळाच्या पाठीला एक बारीक हिरवा दिवा असतो. तो कातडीवर लुकलुकतो आणि परत आलेल्या उजेडावरून घड्याळ नाडी मोजतं. सासूबाईंच्या मनगटावर ते जरा सैल बसलं होतं. त्यामुळे थोडा उजेड फटीतून निसटून त्यांच्या चांदीच्या कड्यावर पडत होता.

“हे काऊन चमकून राह्यलं वं?” त्यांनी विचारलं.

“तुमचं रक्त बघतंय, आई.”

“पाहू दे. सुई तं नाई टोचत नं?”

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. वस्तू निवडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही! आमचा मिक्सरसुद्धा मी आवाज मोजून घेतलाय. त्यामुळे सासूबाईंसाठी एक बहुउपयोगी मैदानी घड्याळ निवडणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. उन्हाळ्यात निवडायला सुरुवात केली. आता थंडी पडली होती.

कारण साधं होतं. सासूबाई, म्हणजे आनंदाबाई, वडनेरला एकट्या राहतात आणि शेत बघतात. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्या बांधावर घसरल्या आणि तासभर कुणाला पत्ताच नाही. तेव्हापासून माझ्या नवऱ्याने, आदेशने, एकच धोशा लावला होता. “आई, वर्ध्याले चल!” त्या काही ऐकेनात. शेवटी तह झाला. पडल्यावर आपोआप निरोप पाठवणारं चांगलं घड्याळ मिळालं, तर आई गावात राहील. कापूस बाजारात जाईपर्यंत ते ठरलं नाही, तर बोचकं बांधायचं!

म्हणजे सासूबाईंचं सगळं भवितव्य माझ्या निवडीवर. आणि मी? एका घड्याळात उंचीमापक होता, पण बॅटरी टिकत नव्हती. दुसऱ्याची बॅटरी हत्तीसारखी, पण वजनही हत्तीसारखंच. तिसरं समुद्रात खोलवर चालायचं. वडनेरला समुद्र नाही, हे खरं. पण एखादी सोय उगाच का सोडायची?

कापसाची ट्रॉली उद्या निघणार होती. म्हणून आमच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक पियुष सर यांचं नारिंगी पट्ट्याचं घड्याळ मी रविवारपुरतं मागून आणलं. आदेश आणि मी ते घेऊन वडनेरला आलो आणि ते घालून सासूबाई शेतात गेल्या. मी घरच्या ओसरीवर मोबाइल घेऊन बसले. त्यांची नाडी, जागा, हालचाल, सगळं मला बसल्या जागी दिसत होतं. प्रयोगशाळेत असतं तसं सुख!

शेतात काय चाललं होतं, हे मला नंतर कळलं. ट्रॉलीत कापूस भरला की तो पायांनी तुडवावा लागतो, तेव्हा कुठे जास्त मावतो. तुडवायला माणूस मिळेना. सासूबाईंनी कासोटा घट्ट केला, ट्रॉलीच्या काठावर चढल्या आणि दिली उडी कापसात!

माझा मोबाइल किंचाळला. “जोरात पडल्याची नोंद. मदत पाठवा.”

“आदेश!”

तो चहाचा कप घेऊनच धावत आला. मी सासूबाईंना फोन लावला. वाजत राहिला. (उडीबरोबर तो कमरेतून निसटून कापसाच्या तळाशी गेला होता.)

“जागा कोणती दाखवते?”

मी नकाशा पुढे केला. निळा ठिपका बरोबर विहिरीवर!

“थांब, या ठिपक्यात चूक असते. हे भोवतीचं वर्तुळ बघ, त्याची त्रिज्या...”

“त्रिज्या गेली खड्ड्यात! आई विहिरीत पडली!”

“पण नाडी चालू आहे. चांगली जोरात आहे.” मी पुन्हा पाहिलं आणि चकित झाले. “अरे, हालचालीच्या रकान्यात पोहणं लिहून आलंय!”

“आईले पोहता येत नाई!”

“मग आत्ता शिकल्या असतील,” मी म्हणाले. आकडे तरी तसंच सांगत होते!

आदेश बोंबलतच सुटला. शेजारच्या हिरालालभाऊंनी दोर उचलला. शोभाकाकूंनी चुलीवरचं पिठलं उतरवलं आणि पळताना कढई खाली ठेवायची विसरल्या. कुणी खाट आणली, कुणी ट्रॅक्टरची ट्यूब. मी सगळ्यांच्या मागे, मोबाइलवर नजर ठेवून. नाडी मिनिटागणिक वाढत होती. विलक्षण!

विहिरीभोवती अर्धं गाव वाकून उभं होतं. आदेशने शर्ट काढला होता आणि हिरालालभाऊ त्याच्या कमरेला दोर बांधत होते.

“अबे, तुले तरी पोहता येते का?”

“नाई!”

“मंग आतमधी जाऊन काय करशीन? दोघंजन कसे काढू आमी?”

एवढ्यात विहिरीजवळच्या झोपडीमागे उभ्या असलेल्या ट्रॉलीवरून एक बाई उतरून गर्दीत शिरली. डोक्यापासून पायापर्यंत कापूस. शेवरीचं बोंड उकललंय की काय असं ध्यान!

“काय झालं वं, शोभा?”

“आदेशची माय पडली विहिरीत,” शोभाकाकू मागे न बघता म्हणाल्या.

“अव माय! कवा?” बाईंनी तोंडाला पदर लावला. मग पदर खाली आला. “पण आदेशची माय तं मीच आहो नं!”

शोभाकाकूंच्या हातची कढई विहिरीत गेली.

मग जे हसू फुटलं! हसला नाही तो फक्त आदेश. तो कमरेच्या दोरासकट मटकन खाली बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

“बस झालं, आई. मह्या जिवाचं पाणी झालं. उद्या ट्रॉली बाजारात, अन् तू वर्ध्याले.”

हसणं थांबलं.  सासूबाई अंगावरचा कापूस एकेक करून काढत राहिल्या, आणि तो खाली न टाकता मुठीत जमा करत राहिल्या.

“आदेश,” त्या हळूच म्हणाल्या, “तुया फ्लॅटात मी पडली, तं कोन येईन रे? समोरचा दरवाजा तं दिवाळीलेच उघडते.”

आदेश कमरेचा दोर सोडायला लागला.

“अन् इथं पाह्य बरं,” त्यांनी गर्दीकडे हात केला. “सकाळपासून तुडवाले एक मानूस भेटत नव्हता. हे घड्याळ वाजलं तं खाटेसकट गाव हजर! हिरालाल, आलेच आहा तं चढा ट्रॉलीवर. शोभा, तू बी चाल. कढई काढू मागून.”

आणि माणसं खरंच चढली! कापूस दबायला लागला.

आदेश माझ्याकडे वळला. “मंजू, तू सांग. तू शिकलेली आहेस, उन्हाळ्यापासून पाहून राह्यली आहेस. आज तरी काही ठरव.”

सासूबाईही थांबल्या. घड्याळ अजून सैलच होतं. खरं तर या घड्याळाने पडणं चुकीचं ओळखलं, जागा चुकीची दाखवली आणि तुडवण्याला पोहणं म्हटलं. माझ्या तक्त्यात ते सर्वांत खाली जायला हवं होतं. उंचीमापक तर मी तपासलाच नव्हता.

“हेच घेऊ या,” मी म्हणाले. “आणि आई इथंच राहतील.”