शेरा समोर द्यावा

विठ्ठलराव धोटे चहाचा कप खाली ठेवत आणि घरच्या बाईकडे वळून गंभीरपणे सांगत, "वहिनी, चार." हा आकडा साखरेच्या चमच्यांचा नसून ताऱ्यांचा आहे, हे नवख्या घरात समजायला थोडा वेळ लागे. पाचपैकी चार. आमच्या आर्वीच्या न्हाव्याला त्यांनी तीन दिले होते, एस.टी.च्या एका चालकाला साडेचार, आणि वानखेड्यांच्या नव्या सुनेच्या पहिल्या पुरणपोळीला, भरल्या पंगतीत, दोन. मला शेजारी म्हणून साडेतीन होते. तो निर्णय अन्यायाचा होता असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. परंतु आजचा विषय मी नव्हे.

विषय असा, की धोटे पुलगावला का गेले आणि तेथे काय झाले, यासंबंधी गावात तीन कथा फिरतात व त्या तिन्ही खोट्या आहेत. न्हाव्याच्या दुकानातली कथा सांगते, की त्यांनी एका म्हातारीवर काठी उगारली. वानखेडे, म्हणजे त्याच पुरणपोळीचे सासरे, सांगतात, की धोट्यांनी त्या बाईचे पाय धरले आणि ते रडले. आणि निवृत्तांचा जो मोबाइलवरचा गट आहे, जेथे सकाळी फुले आणि दुपारी अफवा येतात, तेथे असे ठरले आहे, की धोट्यांनी पितळेच्या नावाखाली कथील विकले. मी त्या दिवशी धोट्यांच्या शेजारच्या आसनावर बसून गेलो आणि बसूनच परत आलो. या तिघांपैकी बसमध्ये कोणी नव्हते. प्रत्येक ओट्यावर जाऊन दुरुस्ती करण्याचे माझे वय आता राहिलेले नाही, आणि खरे सांगायचे तर उत्साहही नाही. म्हणून एकदाच लिहून मोकळा होतो.

धोटे हे बाजार समितीच्या यार्डात हर्रास पुकारणारे. कापसाच्या गाडीजवळ उभे राहून बोली चढवायची आणि शेवटच्या बोलीवर हात खाली आणायचा, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यांचा आवाज असा, की लिलाव सुरू झाला की समोरच्या शाळेत मी फळ्यावर लिहिणे पसंत करीत असे. व्यापारी त्यांना घाबरत, शेतकरीही घाबरत, आणि दोघेही त्यांच्यावर विश्वास ठेवीत. कारण कापसात ओल असेल तर ते गाडीवाल्याच्या तोंडावर सांगत, आणि व्यापारी उगीच नाक मुरडत असेल तर तेही त्याच्या तोंडावरच. "शेरा समोर द्यावा," हे त्यांचे वाक्य. यार्डातून निवृत्त झाले, पुढे पत्नी कमलवहिनी वारल्या, मुलगा बेंगळुरूला. घरात बोली लावायला कोणी उरले नाही. तेव्हा त्यांना मोबाइलवरच्या लिलावाचा शोध लागला.

त्या लिलावात जुनी वस्तू मांडायची, लोकांनी बोल्या लावायच्या, व्यवहार पुरा झाला की घेणाऱ्याने विकणाऱ्याला आणि विकणाऱ्याने घेणाऱ्याला तारे द्यायचे. एवढे सोपे. परंतु तेथे एक अलिखित रिवाज आहे, तो असा, की सर्वांनी सर्वांना पाचच द्यायचे. चार दिले तर समोरचा दुखावतो. तीन दिले तर तो वैरी होतो. धोट्यांना हा रिवाज मुळीच मान्य नव्हता. "सगळ्याइलेच पाच, तं मंग मोजता कायले?" ते मला विचारत, जणू तो रिवाज मी घातला होता.

ते चारच देत. आणि देण्यापूर्वी विक्रेत्याला फोन करीत. सुरतेच्या एका घड्याळवाल्याशी झालेला संवाद मी स्वतः ऐकला आहे, कारण धोटे फोनवर बोलतात तेव्हा तो ऐकण्यावाचून गल्लीला पर्याय नसतो.

"मैं आर्वी से धोटे बोल रहा हूं. आपको चार तारे दे रहा हूं. कोई हरकत?"

पलीकडचा गडबडला असावा. "अंकलजी, चार क्यूं? गलती क्या हुई?"

"गलती कुछ नहीं हुई. गलती होती तो दो देता."

सुरतेच्या माणसाने रागाने त्यांनाच दोन दिले. धोट्यांनी पुन्हा फोन लावला. "आपके दो मिले. सोच के दिए के गुस्से में दिए?" तो म्हणाला, गुस्से में. धोटे प्रसन्न झाले. "पाहा गुरुजी, माणूस खरा हाय. तोंडावर बोलला." ते दोन तारे त्यांनी तक्रार न करता ठेवले. घेणारा म्हणून आपले नाव कसेही असो. विकणारा म्हणून मात्र ते निर्मळ असले पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. आणि तसे ते होते. कारण ते वस्तूचे वर्णन लिहीत ते असे: "कंदील. काच मूळची नाही. कडीजवळ पोचा आहे, तो माझ्या हातून पडल्यामुळे. उजेड बरा देतो, फार नाही." असे वाचून वस्तू घेणाऱ्यास तक्रारीला जागाच उरत नसे. त्यांच्या नावापुढे 'विश्वासू विक्रेता' अशी हिरवी खूण होती. ती ते कोणाला मुद्दाम दाखवीत नसत. फक्त मोबाइल टेबलावर तसा उघडा ठेवीत.

मग त्यांनी कमलवहिनींचे पितळी पानदान मांडले. का मांडले ते मी विचारले नाही. वर्णनात लिहिले होते, की बिजागरी सैल आहे आणि चुन्याच्या डबीचे झाकण वेगळ्या पानदानाचे आहे. पुलगावच्या कोणा शेवंताबाईंनी ते घेतले. पार्सल पोहोचले. आणि दुसऱ्या दिवशी धोट्यांना एक तारा आला.

एक. सोबत एक शब्द नाही. हिरवी खूण त्याच दिवशी गेली.

धोटे ओट्यावर आले नाहीत. मी गेलो तर दार उघडून नुसते उभे राहिले. यार्डात एवढी वर्षे काढून ज्याच्या शब्दावर कोणी बोट ठेवले नाही, त्या माणसाच्या नावापुढे आता तो एक तारा कायमचा दिसणार होता, आणि तोही त्या पानदानापायी. "खराब होतं तं म्हणाचं ना, खराब हाय," ते म्हणाले. "फोनही उचलत नाई थे बाई. शेरा असा पाठीमागून देतेत का, गुरुजी?" पार्सलावर पत्ता होताच. त्यांनी ठरवले, की पुलगावला जाऊन समोरासमोर विचारायचे. वस्तूत दोष असेल तर वस्तू परत घ्यायची आणि लिलाव कायमचा बंद करायचा. मी सोबत निघालो, कारण त्यांना एकट्याने पाठवणे मला सुरक्षित वाटले नाही. शेवंताबाईंच्या दृष्टीने.

आता काठीविषयी. काठी नव्हती; छत्री होती. ती माझी होती, ऊन होते, आणि ती माझ्याच हातात होती. न्हाव्याने याची नोंद घ्यावी.

शेवंताबाई दारातच भाजी निवडत होत्या. आमच्याच वयाच्या, काटक. धोट्यांनी नाव सांगताच त्या उठल्या. "अगं बाई, पानदानवाले! या ना जी, बसा. आर्वीहून उनातानात काऊन आले?"

"तुमचा फोन लागत नाई," धोटे म्हणाले.

"अनोळखी नंबर मी उचलतच नाई. सून म्हणते, लुटतेत."

पानदान समोरच्या कोनाड्यात होते. घासून असे लखलखीत केले होते, की मला क्षणभर ते ओळखू आले नाही. धोट्यांनी मात्र पाहिले ते झाकण, आणि झाकणावरचा एक काळा ठिपका. ते ताडकन उठले. यार्डातला आवाज त्या दोन खणांच्या घरात प्रथमच निघाला असावा.

"हा डाग माह्याकडून नाई गेला! बाई, मी बिजागरी लिवली, झाकण लिवलं. डाग असता तं डागही लिवला असता! ह्या डागापायी तुमी मले एक तारा देल्ला?"

शेजारच्या दोन बायका दारात आल्या. कथील वगैरे कथेचा उगम बहुधा तेथे असावा. डाग एवढाच शब्द त्यांना ऐकू गेला.

शेवंताबाई मुळीच घाबरल्या नाहीत. पदराने हात पुसत म्हणाल्या, "थो डाग होय का जी? काजळ होय थे. मी लावलं."

"काऊन लावलं?"

"घ्या आता! एवढी सुंदर वस्तू. येणारा जाणारा पाह्यते, अन् 'कुठून आणलं वो' म्हणते. दृष्ट नाई लागन का? माह्या सासूजवळ हुबेहूब असंच होतं, थे वाटणीत गेलं. इतक्या वर्सानं सापडलं मले. तीट नको लावू?"

धोटे उभेच होते. "अन् तारा?"

"थोही त्याच्याचसाठी ना," त्या म्हणाल्या, अगदी न समजणाऱ्या मुलाला समजवावे तसे. "साऱ्या दुनियेसमोर पाच तारे देऊ, चांगलं हाय चांगलं हाय म्हणू, अन् तुमच्या धंद्याले नजर लागू देऊ का? इतके सारे पाच-पाच पाह्यले तुमच्या नावापुढं. म्हटलं, याइच्या घरी कोणी बाईमाणूस नाई वाटते, तीट लावाले. म्हणून एक लावून देल्ला."

मी आयुष्यभर वर्गात अनेक उत्तरे ऐकली आहेत. हे त्यांतल्या कोठल्याच रकान्यात बसत नव्हते. देणाऱ्याला आपले तारे मागाहून बदलता येतात, खूण गेल्याने नुकसान होते, हे मी त्यांना यथाशक्ती समजावले. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. लगेच मोबाइल आणला. "कुठं दाबाचं सांगा जी, पाच करून देतो."

"राहू द्या," धोटे म्हणाले.

मला वाटले मी चुकीचे ऐकले. "धोटे, अहो, त्या बदलताहेत."

"राहू द्या म्हटलं ना, गुरुजी." आणि ते शेवंताबाईंसमोर जमिनीवरच बसले. वानखेडे ज्याला पाय धरणे म्हणतात ते हेच असावे. परंतु त्यांनी धरला तो चहाचा कप होता. चहा झाल्यावर मी सवयीने आकड्याची वाट पाहिली. आकडा आला नाही. रडण्याविषयी मी शपथेवर सांगतो, की तेथे ते रडले नाहीत.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे बसले.  कपाशीची शेते मागे पडत होती, आणि मला वाटले त्यांना डुलकी लागली.

"गुरुजी," ते खिडकीकडेच पाहत म्हणाले, "आमच्या कमलनं मले कधी चांगलं म्हटलं नाई."



"यार्डात सत्कार झाला, हार घेऊन घरी आलो. हार पाह्यला अन् म्हणे, बरं हाय. नवा सदरा घातला, बरं हाय. पोरगा इंजिनेर झाला, पेढे वाटले, थे म्हणे, बरं हाय. मी लय भांडलो तिच्याशी. म्हटलं, साऱ्या यार्डाले मी पटतो, तुलेच काऊन पटत नाई? थे नुसती हासे. अन् दर साली हर्रासच्या पयल्या दिवशी माह्या कानामागं काजळ लावे. मी यार्डातल्या नळावर धुऊन टाकत होतो. लोक हासतीन म्हणून."

त्यांचा हात कानामागे गेला आणि तेथेच राहिला. माझ्याकडे छत्री होती, ती मी विनाकारण उघडून पाहिली आणि मिटली.

तो एक तारा अजून तेथेच आहे. हिरवी खूण परत आलेली नाही. धोटे लिलाव करतात, परंतु फोन करीत नाहीत, आणि सुरतेच्या माणसाला म्हणे न कळवता, पाठीमागून पाच दिले. गल्लीतले आकडेही थांबले. आमच्याकडे चहा घेतला की ते कप ठेवतात आणि म्हणतात, "वहिनी, बरं हाय." माझी पत्नी पहिल्या दिवशी खट्टू झाली, चारावरून घसरण झाली असे तिला वाटले. मी तिला एवढेच म्हणालो, की दुसरा कप दे.

परवा ओट्यावर वानखेडेही बसले होते. मी सहज धोट्यांना छेडले, "काय हो, माझे ते साडेतीन अजून तसेच आहेत का? दाद मागायची तर कोठे मागायची?"

धोट्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी कापसाची मूठ उजेडात धरून पाहिलेली मी पाहिली आहे, तसे, सावकाश.

"एक," ते म्हणाले.

वानखेडे मांडीवर थाप मारून हसले. दिवे लागेपर्यंत गावभर झाले, की धोट्यांनी गुरुजींना एकच तारा दिला, चारचौघांत, आणि आता दोघांचे बिनसले आहे.

ही चौथी कथा. ती दुरुस्त करायला मी गेलो नाही.