डोंगरे काकांचा डावा डोळा

डोंगरे काकांच्या दारात गेलात तर ते नमस्कार करत नाहीत. आधी तुम्हाला दोन्ही हात समोर लांब करायला लावतात, तळव्यांच्या मध्ये बोराएवढं भोक ठेवायला सांगतात आणि म्हणतात, "आता यातून माझं नाक पाह्य." तुम्ही नाक शोधता. पलीकडून त्यांना त्या भोकात तुमचा एकच डोळा दिसतो. तो डोळा तुमचा मालक. दुसरा नुसता सोबतीला.

"उजवा," ते निकाल देतात. "हिसाबी माणूस. बस."

बहुतेक जण उजवेच निघतात. मीही. पण एखादा डावा निघाला की काकांचा आवाज एकदम उतरतो. त्याला आतली वेताची खुर्ची मिळते, चहासोबत चिवडा मिळतो, आणि काका समोर बसून त्याच्या डाव्या डोळ्यात इतका वेळ बघत राहतात की तो चहा अर्धा टाकून उठतो. आमचा गॅसवाला भैया असाच डावा निघाला. तेव्हापासून तो काकांचं सिलेंडर जिन्यातच ठेवून जातो.

ही गोष्ट रायपूर नुकतंच राजधानी झालं त्या दिवसांतली. तेलीबांध्याला नव्या इमारती उठत होत्या, त्यातल्या एकीत आम्ही आणि डोंगरे शेजारी झालो. काका रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. घरातला रिळाचा कॅमेरा मात्र शालिनी काकूंचा. काका त्याला हात लावत नसत. "माझ्याच्यानं डोकी उडतात," म्हणत. मग काकू गेल्या, आणि महिनाभरात काका तो कॅमेरा गळ्यात घालून जिन्यात उभे दिसू लागले.

आता गंमत बघा. काका स्वतः पक्के उजव्या डोळ्याचे. पण कॅमेरा लावायचे डाव्याला. नाक कॅमेऱ्याच्या पाठीवर चेपायचं, सगळा चेहरा मागे गडप व्हायचा, आणि काकांच्या मानेवर डोक्याऐवजी कॅमेराच उगवलाय असं वाटायचं. त्या काळ्या काचेतून कोणीतरी तुमच्याकडे बघतंय, पण ते काका आहेत याची खात्री देता यायची नाही.

एकदा दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या बक्षी वहिनींनी त्यांना निरखून पाहिलं आणि माझा दंड घट्ट धरला. काकांच्या उजव्या भुवईखाली बारीकसा काळपट डाग पडला होता. शालिनी काकूंना जन्मभर तिथेच, तसाच डाग होता.

मी वहिनींना समजावलं. काकू डाव्या डोळ्याच्या होत्या. कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला की रीळ पुढे सरकवायचा खटका उजव्या डोळ्यापाशी टोचतो. त्यांना टोचायचा, आता यांना टोचतो. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हव," म्हणाल्या, "पण मी तिकडे आता एकटी नाही जात."

त्यातून काकांचे ग्रुप फोटो. मंडळाचा गणपती असो की कोणाचं बारसं, सगळे दाटीवाटीने उभे राहिले की काका म्हणायचे, "मधात जागा ठेवा." कोणासाठी, ते सांगायचे नाहीत. एका माणसाची जागा मोकळी ठेवून आम्ही उभे. फोटो धुऊन आले की त्यात ती जागा असायची आणि दोन्ही बाजूंची माणसं तिच्यापासून जरा कललेली. भर मे महिन्यात, आमच्या रायपूरच्या उन्हात, त्या जागेशेजारी उभ्या बक्षी वहिनींनी घरून शाल मागवली होती.

मग काकांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. तोही चांगलाच पिकलेला. आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. काका ऑपरेशनला तयार होईनात. पुण्याहून त्यांची मुलगी मिनी फोनवर माझ्यापाशी रडली, म्हणून मी एका दुपारी समजूत घालायला गेले.

"डाव्यानं पाह्यलं की मधातल्या जागेत कोणी उभं असते," काका म्हणाले. हवापाण्याबद्दल बोलावं तसे. "पांढरं. उजव्यानं नाही दिसत."

"काचेवर सिलतऱ्याच्या कारखान्यांची धूळ असेल, काका."

"पुसून पाह्यली."

मग त्यांनी अल्बम काढले. पुरी, डोंगरगड, मिनीचं लग्न. मी पानामागून पान उलटत गेले, पण काकू कुठे नाहीत. कशा असणार? फोटो त्याच काढत होत्या. काकांनी डोंगरगडच्या एका फोटोवर बोट ठेवलं. काका आणि लहानगी मिनी पायरीवर उभे आणि त्यांच्या पायांपाशी जमिनीवर एक सावली, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. पुढच्या पानावर तीच. त्याच्या पुढच्याही.

"हे पाह्य, ही काकू," ते म्हणाले. "तिले कधी मधात उभं केलं नाही मी. आता उभी राह्यली, तर तुम्ही म्हणता काढून टाका."

मला काकूंची एक सवय आठवली. "काका, फोटो धूसर आला तर काकू ठेवायच्या का हो?"

त्यांनी अल्बम मिटला. मग म्हणाले, "फाडून टाके. माझ्या तोंडावर."

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही बायका इमारतीसमोर उभ्या राहिलो. मधली जागा न सांगताच ठेवली. काकांनी डावा डोळा लावला. कलती उन्हं त्यांच्या पाठीमागून येत होती. चुळबुळ थांबली. काकांनी कॅमेरा खाली घेतला. चेहरा असा, जसं घर उघडून आत गेलात आणि सामानच नाही.

"कोणी नाही," ते म्हणाले.

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि ते स्वतः जाऊन त्या जागेशेजारी उभे राहिले. मी कॅमेरा लावला, खटका ओढला, आणि तो माझ्या उजव्या डोळ्यापाशी टोचला. मी, पक्की उजवी, कॅमेरा डाव्या डोळ्याला कधी लावला होता, ते अजून मला सांगता येत नाही.

काचेतून पाहिलं तर माझी सावली लांब होत होत, दोन्ही कोपरं बाहेर काढून, थेट मधल्या जागेत पोचली होती. काका तिच्याकडे पाहत होते. ते थोडे सरकले. तिला नीट जागा झाली.

"हलू नको," ते हळूच म्हणाले.