रोज एक बटण

माणसानं शेवटच्या श्वासापर्यंत शिकत राहावं, असं माझं ठाम मत आहे! म्हणूनच कचेरीत कॉम्प्युटरवर अर्ज भरायची नवी सिस्टिम आली आणि सगळे कुरकुरायला लागले, तेव्हा मी जाहीर केलं, "मी रोज एक बटण शिकणार!" शिकवणाऱ्या बाईंनी सरावासाठी वेगळं पान दिलं होतं. पण ते इतकं रडतखडत उघडायचं, की मी सरळ शेजारचं, पटकन उघडणारं पान धरलं.

सोमवारी रजेचा अर्ज भरला. मंगळवारी घरचा पत्ता बदलला. बुधवारी बदली मागितली, तीही थेट गोदामात! गुरुवारी घरी बसून 'स्वेच्छानिवृत्ती' उघडलं. सतरा रकाने होते!

"अहो, हे खरोखर जाणार नाही ना?" बायकोनं विचारलं. "अजून चार वर्षं आहेत तुमची. आत्तापासून दिवसभर घरात बसलात तर मला वेड लागेल!"

"अगं, सराव आहे हा!" म्हणत मी ऐटीत 'पाठवा' दाबलं.

शुक्रवारी दुपारी साडेचारला साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि माझ्या हातात फुलांचा गुच्छ दिला. शिकण्याचं कौतुक, दुसरं काय! मी भाषणच ठोकलं, "ही तर नुसती सुरुवात आहे!" टायपिस्टबाई डोळे पुसायला लागल्या. साहेब म्हणाले, "सोमवारी तुमच्या जागी नवा माणूस येतोय. निवांत राहा आता."

मी गुच्छ परत त्यांच्या हातात कोंबला. "साहेब, तो सराव होता हो!"

"सराव? अहो, सतराच्या सतरा रकाने बिनचूक! तुमच्या साध्या रजेच्या अर्जात तीन चुका असतात. म्हटलं, या खेपेला माणूस अगदी मनापासून जातोय!"

"आता काय करायचं?"

"पाचपर्यंत मागे घेता येतो. पण तुमच्याच हातानं."

पाचला सात मिनिटं कमी होती. अख्खी कचेरी माझ्या खुर्चीमागे उभी. एकेक बटण वाचत गेलो, शेवटी 'अर्ज मागे घ्या' सापडलं. खाली विचारलं होतं, कारण? मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'शिकत होतो.'

'हे कारण यादीत नाही.'

मग यादीतलं 'चूक' निवडलं. लगेच पुढचा प्रश्न आला, 'चूक कोणाची?' त्याखाली दोन बटणं, 'माझी' आणि 'सिस्टिमची'.

अठ्ठावीस वर्षं कचेरीत काढली आहेत मी. हे बटण मला कोणी शिकवायची गरज पडली नाही!