मशीन उठवणारे भोयरजी

भोयरजी नव्या चपला घालून ऑफिसात आले, की काखेतल्या पिशवीत जुन्या चपला असायच्याच. नव्या चावत नाहीत अशी खात्री पटेपर्यंत जुन्यांचीही वरात निघायची. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "नवी चूल पेटल्याशिवाय जुनी विझवू नये गा. मंग उपाशी मराची पाळी येते."

ऐंशीनंतर आमच्या सरकारी कार्यालयात संगणक आला. गोदरेजच्या कपाटाएवढा होता, आणि सगळे त्याला मशीनच म्हणत. खोली थंड ठेवावी लागे, त्यामुळे मे महिन्यात सगळ्या शाखांना तिथे तातडीची कामं निघत. त्या खोलीचे मालक भोयरजी. पद बेताचं, रुबाब तहसीलदाराचा.

मशीनच्या डिस्कवर प्रत्येक फाइलला जागा वाटून दिलेली असते. कधी वाटपात घोळ होतो आणि एकच जागा दोन फाइलींच्या नावावर चढते. दुरुस्तीचा प्रोग्रॅम विचारतो, यातली एक पुसू का? इतर लोक 'हो' म्हणून मोकळे होतात. भोयरजी दोन्ही फाइलींच्या मालकांना बोलावून समोरासमोर बसवत आणि चहा मागवत. "एका प्लॉटवर दोन सातबारे निघाले. बोला आता." एकदा भांडार आणि आस्थापना शाखांचे हेडक्लार्क असे हमरीतुमरीवर आले, की चहा तसाच राहिला. शेवटी भोयरजींनी ती जागा छापून काढली, तर त्यात कँटीनचा जुना मेनू, पाटवडी-रश्श्यासकट. तोही त्यांनी पुसला नाही. म्हणाले, "राहू द्या. त्याचंही कोणी असंन."

मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम मात्र पहिल्यापासून बिघडलेला. नुसतं बटण दाबून ते उठत नसे. भोयरजी समोरचे खटके ठरावीक क्रमाने वरखाली करून रोज सकाळी त्याला हाताने जागं करत. आणि बोलावणं आल्याशिवाय हे गृहस्थ घरातून निघत नसत. साहेब शिपायाला सायकलवर महाल भागातल्या त्यांच्या घरी पिटाळत, कधी माझ्या वाटेवर म्हणून मलाही सांगत. मग भोयरजी ऐटीत येत. "मी आल्याशिवाय तुमचं सरकार काही उठत नाही."

पुढे कंपनीने टेपवर नवा प्रोग्रॅम पाठवला. तो बसवला, की बटण दाबायचं आणि मशीन सुरू. भोयरजींनी टेप कपाटात ठेवून दिली. उन्हाळा गेला, पोळा गेला. साहेबांनी विचारलं, की उत्तर ठरलेलं, "तपासून राहिलो साहेब." आम्ही हसायचो, म्हणायचो, चपलांचीच खोड आहे.

अखेर साहेब मशीनसमोर खुर्ची टाकून बसले. तेव्हा मात्र भोयरजींनी काम असं केलं, की बघत राहावं. जुन्या प्रोग्रॅमची नक्कल काढून ठेवली, डिस्कचं सगळं वाटप तपासलं, मगच नव्याला हात घातला. मशीन बंद केलं आणि ऑपरेटर रजनीताईंना म्हणाले, "दाब वं बटण." मशीन पहिल्याच दमात उठलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भोयरजींनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी रजनीताईंनी बटण दाबलं आणि काम सुरू झालं. महालात कोणी गेलंच नाही. दुपारी चहाच्या वेळी मला भोयरजींची खुर्ची रिकामी दिसली, आणि मी सायकल काढली.

ते इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून खाटेवर बसले होते.

"बरं नाही का, भोयरजी?"

"मले काय झालं? कोणी बोलवाले आलं नाही, म्हणून बसून राहिलो."

"मी आलोय ना. चला."

ते ताडकन उठले. "काय बिघडलं?"

"काही नाही."

"डिस्क गेली काय?"

"डिस्क ठणठणीत आहे. तुमच्याशिवाय करमेना, म्हणून आलो."

भोयरजी परत खाटेवर टेकले. लग्न केलं नव्हतं, आईवडील गेले होते, खापा गावी राहणाऱ्या भावाचं येणंजाणं नव्हतं. हे मला माहीत होतं. पण दिवसभरात त्यांच्या दारावर पडणारी थाप बोलावण्याची तेवढी एकच होती, आणि ती त्यांनी काल स्वतःच्या हातांनी बंद केली होती, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं.

"थांब गा, शर्ट बदलून येतो," म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले, तेव्हा शर्ट तोच होता, तोंड मात्र धुतलेलं होतं.