‘वार्षिक’मधला ऱ्हस्व षि

"फुकट आहे तोवर वापरायचं आणि मुदत संपली की टाटा करायचा! मला कोण फसवणार? बारीक अक्षर वाचण्यावर तर माझं पोट चालतं!"

हे वाक्य अनुस्वाररावांनी छापखान्यात निदान चार जणांना ऐकवलं. खरं नाव वेगळं, पण सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढून काढून हेच नाव चिकटलं होतं. लग्नपत्रिका, औषधांची माहितीपत्रकं, कुणाच्या तरी आजोबांचं आत्मचरित्र, सगळं त्यांच्या लाल पेनाखालून जायचं. माणूस वाईट नव्हता हो! पण शेजारी कुणी वारलं, तेव्हा ह्यांनी जिन्यातल्या फलकावरची ‘श्रध्दांजली’ आधी दुरुस्त केली आणि मग भेटायला वर गेले. आता बोला!

तर एका कंपनीने मोबाइलवर शब्दकोश काढला होता. पाच लाख शब्द, तीस दिवस मोफत. अनुस्वाररावांना शब्दकोशाची गरज होती का? छे! त्यांना त्यातल्या चुका काढायच्या होत्या. कंपनीने कार्डाचा नंबर मागितला, ह्यांनी दिला.

"फुकट आहे तर नंबर कशाला हवा त्यांना?" बायकोने विचारलं.

"अगं, तशी पद्धत असते. तू तुझी बटणं लाव."

ती बटणंच लावत होती. अकरा महिने झाले, लोकांच्या पँटी आखूड करत होती, चेनी बदलत होती, बटणं लावत होती. कारण तिचे वरचे सगळे दात गेले होते आणि तिला कवळी करून घ्यायची होती. तोवर भात कुस्करून गिळायचा. पाहुणे आले की हिला स्वयंपाकघरात एकदम काम निघायचं. शिलाईची पै न् पै बँकेत जात होती. खातं दोघांचं, पण कार्ड एकच आणि ते अनुस्वाररावांच्या खिशात.

अठ्ठाविसाव्या दिवशी कंपनीचा संदेश आला. ‘आपली मोफत मुदत संपत आहे. सेवा नको असल्यास काहीही करू नये, ती आपोआप बंद होईल. या संदेशास दिलेले कोणतेही उत्तर ही वार्षीक सेवेस संमती समजण्यात येईल.’

अनुस्वाररावांनी तो तीनदा वाचला आणि ओरडले, "सापडली!"

बायकोच्या बोटात सुई घुसली. "काय सापडलं?"

"चूक! ‘वार्षीक’ लिहिलंय मेल्यांनी! दीर्घ! पाच लाख शब्द विकायला निघालेत आणि एक षि लिहिता येत नाही!"

"ते बंद कधी होणार तेवढं सांगा."

"आपोआप होतंय. आपण काहीच करायचं नाही."

एवढं कळलं होतं माणसाला! पण तो दीर्घ षी काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. दहा मिनिटं कशीबशी काढली आणि मग ह्यांनी टाइप केलं, ‘महोदय, ‘वार्षिक’मधला षि ऱ्हस्व असतो. कळावे.’ पाठवून दिलं आणि चहा मागितला.

त्यानंतर पाचव्या दिवशी दोघं दातांच्या डॉक्टरांकडे गेली. कवळी तयार होती. डॉक्टर म्हणाले, "पाच मिनिटं लावून बसा, टोचते का बघू." तिने कवळी लावली, आरसा घेतला आणि हसली. आपल्यालाच बघून हसली! अनुस्वाररावांनाही बरं वाटलं. ऐटीत उठून ते काउंटरवर गेले.

"कार्ड चालत नाहीये," काउंटरवरची बाई म्हणाली.

"तुमचं मशीन बिघडलंय."

"मशीन ठीक आहे. खात्यात पैसे नाहीत."

"असं कसं होईल? परत घासा!"

तिने परत घासलं. पुन्हा तेच! मग अनुस्वाररावांनी मोबाइलवर खातं उघडलं. शब्दकोशाच्या कंपनीने वर्षाची वर्गणी एकदम कापून घेतली होती. मागे उरलं होतं, त्यात दोन दातही आले नसते.

तिथूनच त्यांनी कंपनीला फोन लावला.

"सर, तुमचं उत्तर आलंय आमच्याकडे," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"ते उत्तर नव्हतं! ती दुरुस्ती होती!"

"दुरुस्ती उत्तरातच पाठवलीत ना, सर?"

"पण त्यात संमती कुठे आहे?"

"‘कोणतेही उत्तर’ असं लिहिलंय, सर."

अनुस्वाररावांना तो शब्द आता आठवला. ‘कोणतेही’ हा शब्द अगदी शुद्ध छापलेला होता. शुद्ध शब्दापाशी ते सव्वीस वर्षांत कधी थांबलेच नव्हते!

"आणि सर, आभार हं! आम्ही तो षि ऱ्हस्व केलाय. पैसे मात्र परत मिळत नाहीत."

मागे बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आरशात न बघता तिने कवळी काढली आणि बाईच्या हातात दिली.

"ठेवते हं मी डबीत," बाई ओशाळून म्हणाली. "नाव घातलंय वर. दुसऱ्या कुणाला बसायची नाही."

रस्त्याला लागल्यावर अनुस्वाररावांना वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. नेमकं तिथेच चुकलं.

"शब्दकोश तरी वर्षभर वापरता येईल," ते म्हणाले.

ती थांबली. बिनदातांचं तोंड उघडून, भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ओरडली, "मग चावा तो!"

दुसऱ्या दिवशी छापखान्यात अनुस्वाररावांनी जेवणाचा डबा उघडला. आत कुस्करलेला भात होता. नुसता गिळायचा, दाताला काही काम नाही. चमचासुद्धा दिला होता. त्यांनी तो गिळला.

कवळीचे पैसे पुन्हा जमायला नऊ महिने लागले. नऊ महिने रोज तोच डबा आला.