कुंडीवाल्यांची अनोळखी फाईल

जगातल्या संगणकांची सुरक्षा धोक्यात आणावी असा कुंडीवाल्यांचा कुठलाही विचार नव्हता, हे सुरुवातीलाच नमूद केलेलं बरं. लोकांच्या घरातली झाडं मरू नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. झाडं मरतात ती पाणी घालायला विसरल्यामुळे, नाहीतर घातलंय हे विसरून पुन्हा घातल्यामुळे. या दोन्ही विसरण्यांवर उपाय म्हणून त्यांनी चांगली नोकरी सोडली, मागच्या खोलीत टेबल मांडलं आणि 'पाणी घाला' नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर तयार केलं. रोज सकाळी पडद्यावर एक हिरवं पान यायचं, आज कुठल्या कुंडीला पाणी घालायचं ते सांगायचं आणि गुपचूप निघून जायचं. ते कुणाला काही विचारत नव्हतं, काही मागत नव्हतं. तेव्हापासून शेजारीपाजारी त्यांना कुंडीवाले म्हणू लागले.

बायकोने या उद्योगाला एका अटीवर परवानगी दिली होती. "घराबाहेरच्या एका तरी माणसाने हे वापरलं पाहिजे," ती म्हणाली होती. "माझी आई धरायची नाही. वर्ष संपेपर्यंत कुणी मिळालं नाही, तर मुकाट्याने दादाच्या दुकानात बसायचं."

दादा म्हणजे कुंडीवाल्यांचा मेहुणा. त्याचं फरश्यांचं दुकान होतं. तिथे बसायचं म्हणजे ही फरशी अजिबात घसरत नाही, असं गिऱ्हाइकांना दिवसभर सांगत राहायचं. एकदा हेच सांगता सांगता कुंडीवाले गिऱ्हाइकासमोर घसरून पडले होते. त्या दुकानाचं नाव काढलं तरी त्यांची कंबर दुखायला लागायची.

आणि माणूस मिळाला. कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांच्या बाहेरच्या खोलीतली सगळी झाडं वाळली होती, आणि ती बघून रोगी खुर्चीत बसण्याआधीच धीर सोडत होते. डॉक्टरांनी कुंडीवाल्यांसमोरच सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात पडदा लालभडक झाला. डॉक्टरांच्या संगणकावर 'द्वारपाल' नावाचं अँटीव्हायरस पहाऱ्याला होतं. त्याने लिहिलं होतं: 'ही फाईल फारसं कुणी घेत नाही. सबब ती धोकादायक असू शकते. आम्ही ती नष्ट करून तुम्हाला वाचवलं आहे.'

डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले. "अहो, माझ्याकडे लोकांचे एक्स-रे आहेत," ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "तुम्ही तसे वाटत नव्हता."

कुंडीवाल्यांनी घरी येऊन द्वारपालाच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाई अतिशय गोड बोलत होत्या. त्यांनी फाईल तपासून घेतली.

"सर, आपली फाईल एकदम स्वच्छ आहे."

"मग अडवता कशाला?"

"अनोळखी आहे ना सर."

"तिची ओळख कधी होणार?"

"भरपूर लोकांनी उतरवून घेतली की लगेच."

"पण तुम्ही कुणाला घेऊच देत नाही."

"कशी देणार सर? अनोळखी आहे."

मग बाईंना दया आली. फेरतपासणीचा अर्ज करता येतो, त्यासाठी कंपनीचं 'ओळखमित्र' नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. कुंडीवाल्यांनी ते आपल्या संगणकावर घ्यायला सुरुवात केली. तिथेही द्वारपालच पहाऱ्याला होता. पडदा लालभडक झाला.

"बाई, तुमच्या द्वारपालाने तुमच्याच ओळखमित्राला अडवलं."

"हो सर, ते परवाच बाजारात आलंय," बाई अभिमानाने म्हणाल्या. "आमच्याकडे आपला-परका असा भेद नाही."

कुंडीवाले चिकाटीचे होते. रोज फोन करून करून त्यांनी मदतकेंद्राच्या नाकी नऊ आणले, आणि शेवटी 'पाणी घाला'ला 'किंचित कमी संशयास्पद' असा दर्जा मिळाला. त्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की आपलं सॉफ्टवेअर निवडुंगालाही रोज पाणी घालायला सांगतंय. प्रामाणिक माणूस, त्यांनी चूक दुरुस्त केली. दुरुस्त झालेली फाईल द्वारपालाच्या दृष्टीने नवीकोरी होती, म्हणजे पुन्हा पूर्ण संशयास्पद.

"चूक तशीच ठेवायची ना सर," बाई हळहळल्या. "चुकीच्या फाईलला आम्ही ओळखत होतो."

यानंतर द्वारपालाने कुंडीवाल्यांच्या स्वतःच्या संगणकाकडे मोर्चा वळवला. त्याने आधी सॉफ्टवेअर पुसलं, मग ते ज्या साधनांनी बनवलं ती साधनं पुसली, मग झाडांचे फोटो. कुंडीवाले चहा घ्यायला उठले असताना पडद्यावर चौकट आली: 'या संगणकावर वारंवार अनोळखी फाईली निर्माण करणारी एक व्यक्ती आढळली आहे. तिला वेगळं ठेवायचं का?' बायको टेबल पुसायला आली होती. तिने 'होय' दाबलं. पुढचे कित्येक दिवस कुंडीवाल्यांना स्वतःचा संगणक उघडता आला नाही.

"तू वाचलं नाहीस?" त्यांनी विचारलं.

"अशा चौकटी कुणी वाचतं का?" ती म्हणाली. "होय म्हटलं की जातात."

वर्ष संपत आलं. मेहुण्याने दुकानात खुर्चीसुद्धा आणून ठेवली. पण मनाने तो वाईट नव्हता. शेवटचा प्रयत्न म्हणून तो एका सल्लागाराला घेऊन आला. सल्लागाराने चष्मा कपाळावर चढवून सॉफ्टवेअरची पेनड्राइव्हवर उरलेली जुनी प्रत पाहिली आणि खेदाने मान हलवली.

"हे काहीच मागत नाही?"

"नाही," कुंडीवाले म्हणाले.

"माणूस कुठे आहे, कुणाकुणाशी बोलतो, काय बोलतो, काहीच नाही?"

"झाडाला पाणी घालायला ते कशाला हवंय?"

"इथेच घोडं अडलंय. जे काही मागत नाही त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? मोठी सॉफ्टवेअर बघा, घरात शिरल्याशिरल्या सगळं मागतात. त्याला ओळख म्हणतात."

"भावोजी, माणूस अनुभवी आहे," मेहुणा म्हणाला.

मग सुधारणा झाली. 'पाणी घाला' आता आत येताच पत्ते, फोटो आणि मित्रमंडळींचे नंबर मागू लागलं. ते खोलीतलं बोलणं ऐकायचं, जाहिराती दाखवायचं आणि बंद करायला गेलं की तीनदा मनधरणी करायचं. वर सल्लागाराने एक कीर्ती-प्रमाणपत्र विकत आणून चिकटवलं. एवढं सगळं मावेना, म्हणून पाण्याची आठवण करून देणारा भाग तेवढा काढून टाकला. हिरवं पान मात्र ठेवलं, कारण ते छान दिसत होतं.

द्वारपालाने ते पाहिलं आणि हिरवी खूण करून वाट मोकळी केली. फार काय, द्वारपालाची नवी आवृत्ती निघाली तिच्यासोबत 'पाणी घाला' फुकट मिळू लागलं. बघता बघता ते घरोघरी पोचलं. बायकोने दादाला फोन करून खुर्ची परत करायला सांगितलं.

कुंडीवाले धावत डॉक्टरांकडे गेले. आतल्या संगणकावर हिरवं पान डुलत होतं. बाहेर कुंड्यांमध्ये नुसत्या काड्या उभ्या होत्या.

"काय सुरेख केलंत हो," डॉक्टर म्हणाले. "आता कसं भरवशाचं वाटतं."

"आणि झाडं?"

"कुठली झाडं?"

कुंडीवाल्यांना फार वाईट वाटलं. गावभर त्यांचं सॉफ्टवेअर होतं, पण ते वापरणारा घराबाहेरचा एकही माणूस त्यांना अजून मिळाला नव्हता. बायकोला त्यांनी हे सांगितलं नाही. डॉक्टरांच्या बेसिनवरचा रोग्यांचा पेला भरून त्यांनी स्वतःच कुंड्यांना पाणी घातलं आणि ते घरी आले.

तुमच्याही पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवं पान आहे. ते कधी आलं, तुम्हाला आठवत नसेल, पण चौकट आली होती आणि तुम्ही बोटाने 'होय' दाबलं होतं. आता जमलं तर उठा आणि खिडकीतल्या कुंडीत बोट घालून माती ओली आहे का बघा. तेच बोट चालेल.