पेडल कोण मारत नाही?

निरीक्षण करणारे या जगात पुष्कळ आहेत, पण ज्याला बघून खुद्द निरीक्षणाला घाम फुटतो असा मी एकटाच. माझी नजर सुईच्या नेढ्यातून पलीकडे जाते आणि तिथली सगळी खबर घेऊन परत येते. कानांचं म्हणाल, तर जिन्यावरून उतरणारं मांजर कोणत्या पायाने लंगडतंय हे मी डोळे मिटून सांगतो. (शेजारचं मांजर मुळात लंगडत नाही असं ताईचं म्हणणं आहे. पण ताईने डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. पद्धतीतला हा फरक जाणकारांनी लक्षात घ्यावा.) पोटासाठी मी गाद्या-उशांचं दुकान चालवतो. म्हणजे सज्जनांना झोप विकतो आणि फावल्या वेळात गुन्हेगारांची झोप उडवतो.

ताई ही माझी थोरली बहीण. दुकानात उशांचे अभ्रे शिवते आणि तपासकामात माझी सहायक आहे. या पदावर मी तिची नेमणूक केली त्याला बराच काळ लोटला. तिने ती अजून स्वीकारलेली नाही.

त्या दिवशी दुकान उघडून मी टेबलावरच्या धुळीतले बोटांचे ठसे तपासत होतो (ते माझेच निघाले), तेवढ्यात गणिताच्या बाई आत आल्या. शाळेत त्यांच्या नुसत्या चाहुलीने फळा स्वच्छ होतो म्हणतात. पण आज त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"आमची डबलची गादी परत घ्या," त्या म्हणाल्या, "आणि दोन सिंगल द्या."

"पाठदुखी," मी क्षणात निदान केलं.

"नाही."

"मग तुमचे यजमान घोरत असणार."

"नाही हो."

"ढेकूण!"

"सायकल," बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज चिरकला.

ताईने शिलाई मशीन थांबवलं, स्टूल पुढे सरकवलं आणि पाण्याचा पेला बाईंच्या हातात दिला. मी मनातल्या मनात भिंग काढलं. खरं भिंग काढता आलं नाही, कारण ते कोणत्या गादीखाली गेलंय याचा तपास अजून चालू आहे.

हकीकत अशी होती. बाईंचे यजमान चित्रांना चौकटी करून देतात. त्यांचं दुकान आमच्या मागच्याच गल्लीत आहे. लेक नोकरीसाठी दूर गेली आणि घर एकदम गप्प झालं, तेव्हा दोघांनी मिळून एक सायकल घेतली. एकच, पण दोघांची. दोन सीटं, दोन हँडलं, पेडलच्या दोन जोड्या. पुढे चौकटवाले, मागे बाई. गावाबाहेर एक चढ आहे आणि चढापलीकडे तळं. एका रविवारी त्या तळ्यावर जाऊन डबा खायचा, एवढीच हौस. सुरुवातीला सायकल पाण्यासारखी पळायची. मग दर रविवारी ती जास्त जास्त जड होत गेली. आता तर निम्म्या चढावरच दोघांना उतरावं लागत होतं.

"ते म्हणतात, तू पेडल मारत नाहीस. मी म्हणते, तुम्हीच अंग चोरता."

"पाय कोणाचे थांबतात ते दिसत नाही?"

"तिथेच तर गोम आहे. पेडलच्या दोन्ही जोड्या साखळीने एकमेकींना जोडलेल्या. एकाने नुसते पाय टेकवले तरी ते दुसऱ्याच्या जोरावर गरागरा फिरतात. मारतंय कोण आणि मिरवतंय कोण, कळायला मार्गच नाही." बाईंनी पेला खाली ठेवला. "इतकी वर्षं आम्ही भांडलो, पण एकमेकांना खोटं कधी पाडलं नव्हतं. परवा ते मला खोटारडी म्हणाले. मीही म्हणाले. आता सायकल विकायची आणि खोल्या वेगळ्या करायच्या. ठरलंय."

थोडक्यात, सायकलची चेन पडत नव्हती, पण त्या घराला चैन पडत नव्हती.

"बाई," मी उठून उभा राहिलो, "दोन सिंगल गाद्यांची ऑर्डर मी तूर्त स्वीकारत नाही. आधी अंगचोर पकडतो."

"गिऱ्हाईक घालवणारा पहिलाच दुकानदार," ताई पुटपुटली. पण तिने हातातला अभ्रा बाजूला ठेवला आणि चपला घातल्या.

चौकटवाल्यांचं घर छोटं आणि नेटकं होतं. भिंतींवर चौकटीच चौकटी, काहींत चित्रंही. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात ती लांबलचक सायकल आडवी उभी होती आणि तिच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या दारात, बाईंच्या आई भाजी निवडत बसल्या होत्या. या मावशी लेक-जावयाकडेच राहतात. त्यांना सायकलमधलं काही कळत नाही, असं त्यांनी स्वतःच पहिल्या वाक्यात सांगितलं. त्यामुळे मी त्यांना साक्षीदारांच्या यादीतून वगळलं.

चौकटवाले मनगट चोळत बाहेर आले. "बरं झालं आलात. हिला विचारा, चढावर मागे बसून निसर्ग बघते का म्हणून."

"मला निसर्ग दिसतो कुठे? मला तुमची पाठ दिसते!"

मी बाईंचे सायकलीवर घालायचे बूट मागवले आणि तळवे पाहिले. अगदी कोरे! नक्षी जराही झिजलेली नव्हती. "जिने पेडल मारलं तिचे तळवे असे असतील?" मी गरजलो. "गुन्हेगार सापडला!"

"ते परवाच आणलेत," मावशी भाजीतून मान वर न काढता म्हणाल्या. "जुने झिजून फाटले म्हणून."

मी माझं लक्ष चौकटवाल्यांकडे वळवलं. "गेल्या रविवारी परत आलात तेव्हा तुमचा शर्ट कोरडा होता की ओला?"

"कोरडा."

"घाम नाही म्हणजे श्रम नाहीत. गुन्हेगार सापडला!"

"भिजलेला बदलून मग घरी आलो," चौकटवाले म्हणाले. "पिशवीत जास्तीचा असतो."

पिशवी! मी तीरासारखा पिशवीकडे झेपावलो. कोणीतरी तिच्यात गुपचूप वजन भरत असणार. पिशवीत निघाला एक शर्ट, एक टॉवेल, दोन केळी आणि हवा भरायचा पंप. पंपात काय लपवलंय ते पाहायला मी तो डोळ्याला लावला आणि दट्ट्या दाबला. त्यात हवाच होती.

ताईने माझ्या डोळ्यावर पाणी मारलं.

मग मी शास्त्रीय प्रयोगाकडे वळलो. बाईंकडून खडू घेऊन चारही पेडलांवर घासला. जो जोर लावेल त्याच्या तळव्याला जास्त खडू लागेल, इतकं हे सरळ होतं. दोघांना चौकापर्यंत फेरी मारायला पाठवलं. परत आल्यावर तळवे पाहिले तर दोघांचेही पांढरेशुभ्र. शिवाय माझे, ताईचे आणि मावशींचेही. तो खडू आता घरभर पसरला होता. गुन्हेगारांची संख्या एकावरून पाचावर गेली आणि फरशी पुसायला मला लावण्यात आलं.

"आता एकच मार्ग," मी फडकं पिळत म्हणालो. "मी स्वतः बसतो."

आधी चौकटवाल्यांच्या मागे बसलो. सायकल खरोखरच दगड ओढल्यासारखी चालली होती. पहिल्याच वळणावर ते मान वळवून म्हणाले, "तुम्ही मारताय ना पेडल?"

"म्हणजे? माझ्या मांड्या फुटायच्या बाकी आहेत! तुम्हीच मारत नाही आहात!"

"मी?"

आम्ही उरलेला रस्ता बोललो नाही.

मग मी पुढे आणि बाई मागे. शाळेपर्यंत जाऊन येईतो बाईंनी मला दोनदा खोटारडा म्हटलं. मी त्यांना एकदाच म्हटलं, कारण दुसऱ्यांदा म्हणायला दम उरला नव्हता.

घरी आलो तेव्हा परिस्थिती अशी होती की आधी दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, आता तीन. बाई आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या आणि भिंतीवरच्या एका चौकटीकडे पाहत राहिल्या. तिच्यात लेकीचा फोटो होता, सुट्टीत घरी आली तेव्हा तिने दोघांना सायकलीवर बसवून आपण मध्ये उभं राहून काढलेला.

"विकूनच टाका," त्या हळूच म्हणाल्या. "मला नको आता ती."

चौकटवाले दाराशी आले. मनगट चोळत तिथेच उभे राहिले.

मला वाईट वाटलं. गुप्तहेरालाही वाटतं. म्हणून मी वेळ न घालवता सगळ्यांना बाहेरच्या खोलीत जमवलं आणि पाठीमागे हात बांधून फेऱ्या मारू लागलो.

"या प्रकरणात," मी सुरुवात केली, "मला कुठेतरी पाणी मुरतंय असं पहिल्यापासून वाटत होतं."

"ते तू फडकं नीट पिळलं नाहीस म्हणून," ताई म्हणाली.

"बाई म्हणतात, मी मारते. चौकटवाले म्हणतात, मी मारतो. बाईंच्या साक्षीने चौकटवाले दोषी ठरतात आणि चौकटवाल्यांच्या साक्षीने बाई. दोघांचंही ऐकायचं तर निष्कर्ष एकच निघतो." मी थांबलो. अशा वेळी थांबायचं असतं. "गुन्हेगार दोघेही आहेत!"

"म्हणजे सायकल आपोआप चौकात गेली?" ताईने विचारलं.

या प्रश्नाला मी उत्तर देणार होतो. पण मावशी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या होत्या आणि बोळातली सायकल त्यांना आडवी आली. एका हाताने ट्रे सावरत त्यांनी दुसऱ्या हाताने सायकल पुढे ढकलली. ती हलली नाही. त्यांनी कमरेने रेटा दिला. ती कुरकुरत वीतभर सरकली आणि थांबली. कपांतला चहा बशांत सांडला.

"रोजचाच ताप आहे हिचा," मावशी वैतागल्या. "आधी एका बोटाने सरकायची. हल्ली ढकलता ढकलत नाही. तुम्ही दोघं खुशाल भांडा कोण पेडल मारत नाही म्हणून. पण आत्ता हिच्यावर कोण बसलंय? कोणी नाही ना? मग आत्ता ही का अडते?"



ताई उठली. तिने मागचं सीट धरून चाक उचललं आणि हाताने फिरवलं. चाक अर्धं फिरलं आणि घसाघसा करत थांबलं. तिने वाकून पाहिलं. "ब्रेक," ती म्हणाली. "दोन्ही रबरं चाकाला चिकटलीत. तुम्ही सगळे ब्रेक दाबून सायकल चालवत होतात."

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

"एवढंच. हा स्क्रू आवळत आवळत पार टोकाला नेलाय कोणीतरी."

"कोणीतरी!" मी उसळलो. "म्हणजे गुन्हेगार आहेच!"

चौकटवाले खाली पाहू लागले. मग खाकरले. "मी आवळला. थोडासाच. उतार आला की ही डोळे मिटून घेते आणि हँडल सोडून माझा शर्ट धरते. पाठीमागचं मला कळत नाही असं हिला वाटतं. म्हटलं, ब्रेक पटकन लागला तर हिची भीती कमी होईल. रविवारी निघायच्या आधी थोडा थोडा आवळायचो."

बाई झटकन त्यांच्याकडे वळल्या.

"तुम्हीही?" त्या म्हणाल्या.

"मीही म्हणजे?"

"मीही आवळायचे. रविवारी तुम्ही आंघोळीला गेलात की. चौकटी ठोकून ठोकून तुमचं मनगट दुखतं. सांगत नाही तुम्ही, पण सारखं चोळत असता. म्हटलं, हलक्या हाताने ब्रेक लागला तर बरं."

"अगं, मग सांगायचंस!"

"तुम्ही सांगितलंत?"

चौकटवाल्यांनी ते मनगट पाठीमागे लपवलं. बाईंनी ते पुढे ओढून घेतलं आणि हातात धरून ठेवलं. पुढची दोन-चार मिनिटं कोणाकडे पाहावं ते मला कळेना. मावशींनी मात्र शांतपणे बशांतला चहा पुन्हा कपांत ओतला.

"थोडक्यात," मी घसा साफ केला, "गुन्हेगार दोघेही. मी मघाशी हेच म्हणालो होतो. सर्वांनी ऐकलंय."

माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. ताईने स्क्रू सैल केला आणि रबरं चाकापासून नखाएवढी दूर आणली. चौकटवाल्यांनी साखळीत तेल सोडलं. बाईंनी मागचं चाक एका बोटाने ढकललं तर ते फिरतच राहिलं. दोन सिंगल गाद्यांचं नाव त्यानंतर त्या घरात निघालं नाही. धंद्याच्या दृष्टीने हा माझा दारुण पराभव होता.

रविवारी मी आणि ताई आपापल्या सायकली घेऊन चढाच्या पायथ्याशी गेलो. ती दोघं आधीच आली होती. आज नुसतं माथ्यापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. पुढच्या हँडलला डब्याची पिशवी, मागे बाई. "उतारावर मी आधी ओरडून सांगेन," चौकटवाले म्हणाले. "आणि तुम्ही मनगट चोळलंत की मी थांबा म्हणेन," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पेडल मारलं. निम्मा चढ गेला. पाऊण गेला. माथ्यावर दोन पाठी क्षणभर दिसल्या आणि पलीकडे उतरून गेल्या.

आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो.

"माथ्यापर्यंत जाऊन परत येणार होते," मी म्हणालो. "घातपात?"

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. मावशी होत्या. दोघं तळ्यावर पोचली आहेत, डबा खाऊन सावकाश येतील, तुम्ही वाट पाहू नका, असा निरोप होता.

"पण ठरलं होतं माथ्यापर्यंतच! मग पुढे का गेले?"

"जावंसं वाटलं असेल."

"हे कारण होऊ शकत नाही. हेतू हवा."

"अरे, नवरा-बायको आहेत ती. फरारी नाहीत," ताई म्हणाली आणि सायकलीवर टांग टाकून घरी निघून गेली.

सहायकांची ही अशी घाई असते. मी मात्र अंगावर पानांच्या डहाळ्या खोचून, डोक्यावर गवत घेऊन रस्त्याकडेच्या झुडपात दबा धरून बसलो. उन्हं कलली तेव्हा ती दोघं गाणं म्हणत चढ उतरून आली. बाईंनी मागून एका हाताने शर्ट धरला होता, पण डोळे सताड उघडे होते. झुडपापाशी येताच दोघांनी घंटी वाजवली, माझ्याकडे पाहून हात हलवला आणि निघून गेली.

मला त्यांनी ओळखलं कसं, याचा तपास चालू आहे.